गोष्ट चार ओळींत उरका

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकाचं परीक्षण बीएच्या वर्गासाठी लिहायचंय, कथानक किती सांगू, असा प्रश्न आहे. त्यावर 'अर्धी गोष्ट, अर्धं मत' असा हिशेब कुणीतरी दिलाय. मला तो पटत नाही. सरांनी हे नाटक कितीदा तरी शिकवलं असणार. वाड्यातले वडीलधारे तात्याजी वारले, त्यांचा मुलगा सुधीर मुंबईहून आला, तेराव्याच्या खर्चावरून घरात कुरबुर सुरू झाली, हे चार ओळींत उरका बाप्पा!

खरं काम त्यापुढे आहे. नाटकातली एखादी वस्तू घट्ट धरा. वाड्यासमोर बंद पडलेला ट्रॅक्टरच घ्या. 'ट्रॅक्टर हे ऱ्हासाचं प्रतीक' हे वाक्य गाइडातही मिळेल, त्याला मार्क कोण देणार? त्याऐवजी बघा, ट्रॅक्टरचा विषय कोण काढतं, कोण टाळतं, तो तसाच का पडून राहतो. उत्तर संवादांतूनच द्या, पानाचा आकडा आणि आवृत्ती लिहून.

तात्याजींची नात रंजू हिचं पळून जाणं घाईत उरकल्यासारखं वाटलं, तर तेही बेधडक लिहा. एलकुंचवार आपल्या नागपूरचे म्हणून हात आखडता घेऊ नका. फक्त कुठल्या प्रवेशात तसं वाटलं आणि का, हे सांगा.

'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' हे पुढचे भाग वाचले असतील तरच तुलना करा. ऐकीव तुलना तोंडी परीक्षेत लगेच उघडी पडते. आणि विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी' या नियतकालिकाचे जुने अंक मिळाले तर चाळा, मात्र स्वतःचा मसुदा झाल्यावरच.