छत्री, बोलर हॅट आणि लोटस एलान : 'दि ॲव्हेंजर्स' पुन्हा पाहताना (अनुभव धागा)

इथे सुपरहिरोंचा विषय नाही. १९६१ ते १९६९ या काळात ब्रिटनच्या आयटीव्हीवर चाललेली, पॅट्रिक मॅक्नीने रंगवलेल्या जॉन स्टीड या गुप्तहेराची 'दि ॲव्हेंजर्स' ही मालिका हा विषय आहे. सहा पर्वे, १६१ भाग. पहिल्या भागापासून सुरू करू म्हटले तर तो भागच आज पूर्ण मिळत नाही, आणि मधल्या पर्वांचा पोत एकमेकांपासून इतका वेगळा आहे की नवा प्रेक्षक गोंधळतो. ज्यांनी ही मालिका मन लावून, एकाहून जास्त वेळा पाहिली आहे त्यांनी लिहावे : सुरुवात कुठून करावी, क्रम कोणता, पडद्यावरचा कोणता दोष मूळचा आणि कोणता आपल्या टीव्हीने घातलेला. आवडता भाग सांगितलात तर कशासाठी पाहायचा तेही सांगा. रहस्य मात्र फोडू नका.

बोलरहॅट

सुरुवात चौथ्या पर्वापासून करा, म्हणजे १९६५ पासून. इथे लोटस एलान मोटार चालवणारी, डायना रिगची एमा पील स्टीडची जोडीदार म्हणून येते, मालिका व्हिडिओ टेप सोडून ३५ मिमी फिल्मवर जाते आणि जॉन डँकवर्थच्या जॅझऐवजी लॉरी जॉन्सनचे संगीत सुरू होते. आज लोक 'ॲव्हेंजर्स' म्हणून जे आठवतात ते इथे घडले. पहिले तीन भाग असे घ्या : 'द सायबरनॉट्स', 'डेथ ॲट बार्गेन प्रायसेस', 'द अवर दॅट नेव्हर वॉज'. तिसऱ्यात एक ओसाड हवाई तळ आहे, घड्याळे अकराला थांबलेली, आणि बराच वेळ पडद्यावर जवळजवळ फक्त दोघेच. रिकामी जागा, दुधाची गाडी आणि शांतता एवढ्यावर भीती उभी केली आहे. पटकथा रॉजर मार्शलची.

त्यानंतर पाचवे पर्व पूर्ण (१९६७, २४ भाग, रंगीत). मग लगेच 'द फर्गेट-मी-नॉट' पाहा. तो मोजला जातो सहाव्या पर्वात, पण एमा पील निरोप घेते आणि टारा किंग ही नवी जोडीदार येते ती याच भागात. हा दुवा चुकला तर सहावे पर्व अधांतरी वाटते. मग मागे वळून एमाच्या आधीची जोडीदार कॅथी गेल हिची दोन पर्वे (दुसरे-तिसरे), आणि शेवटी उरलेले सहावे.

जुनीफीत

वरच्या क्रमाशी सहमत, एक भर. पहिल्या पर्वात नायक खरे तर इयन हेंड्रीचा डॉ. डेव्हिड कील होता, स्टीड त्याच्या जोडीला. २६ भागांपैकी पूर्ण तीनच हाती आहेत : 'गर्ल ऑन द ट्रॅपीझ', 'द फ्रायटनर्स' आणि २०१६ मध्ये सापडलेला 'टनेल ऑफ फिअर'. 'हॉट स्नो' या पहिल्याच भागाचा फक्त सुरुवातीचा अंक उरला आहे. बरेच भाग थेट प्रक्षेपित होत आणि टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरली जाई. हरवलेल्या भागांच्या पटकथांवरून बिग फिनिश या ब्रिटिश श्राव्यनाट्य कंपनीने २०१४ पासून श्राव्य रूपांतरे काढली. ती ऐकल्यावर कळते की सुरुवातीला हे सरळसोट, करडे गुन्हेगारी नाटक होते. भपका नंतर आला.

कॅथीपक्ष

दुसऱ्या-तिसऱ्या पर्वाला (१९६२ ते १९६४) लोक 'कच्चे' म्हणून बाजूला टाकतात, त्याचे वाईट वाटते. ते कसे बनले हे माहीत असले की पाहणे बदलते. टेडिंग्टनच्या स्टुडिओत अनेक कॅमेरे लावून जवळजवळ नाटकासारखे सलग चित्रण होई. टेप कापून जोडणे कष्टाचे आणि खर्चाचे, म्हणून अडखळलेले वाक्य, हललेली भिंत, कॅमेऱ्याची सावली तशीच राहिली. आपल्यापर्यंत पोचली आहेत ती या टेपची १६ मिमी फिल्मवर घेतलेली चित्रणे. मूळ प्रक्षेपण ४०५ रेषांचे. त्यामुळे मऊ चित्र आणि पातळ आवाज हा त्या प्रतींचा स्वभाव आहे, तो दुरुस्त करायला जाऊ नका.

ऑनर ब्लॅकमनची कॅथी गेल ही मानववंशशास्त्रज्ञ आहे. ती स्टीडशी वाद घालते, त्याच्या पद्धती तिला पटत नाहीत. एमा पीलबरोबरच्या गोडव्यापेक्षा ही धार वेगळी. मारामारीसाठी ब्लॅकमन खरोखर ज्युडो शिकली. साध्या कापडाच्या विजारी झटापटीत उसवत, म्हणून चामड्याचे कपडे आले आणि तीच तिची ओळख झाली. 'मँड्रेक'मध्ये (१९६४) तिच्यासमोर जॅकी पॅलो हा खरा कुस्तीगीर आहे आणि चित्रणात तो खरोखर बेशुद्ध पडला होता. सलग चित्रण असताना एवढी जोखीम घेणे म्हणजे काय, ते तो प्रसंग पाहताना ध्यानात ठेवा.

चौकटराजा

टीव्हीच्या सेटिंगबद्दल, कारण निम्मी तक्रार तिथूनच येते.

चित्र ४:३ आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले पाहिजेत. 'झूम' किंवा 'फुल' केले की एक तर माणसे बुटकी-रुंद होतात, नाही तर वरून बोलर हॅट आणि खालून बूट कापले जातात. या मालिकेत ती दोन्ही पात्रेच आहेत. 'मोशन स्मूदिंग' बंद करा, टीव्हीच्या कंपनीप्रमाणे त्याचे नाव बदलते. ते चालू राहिले की ३५ मिमीचे चित्र घरगुती व्हिडिओसारखे गुळगुळीत दिसते. 'नॉइज रिडक्शन'ही बंद, नाही तर फिल्मचा दाणा पुसताना चेहऱ्याची कातडी मेणासारखी होते. 'शार्पनेस' खाली आणा. स्टीडच्या सुटाच्या बारीक रेषा थरथरत असतील तर शार्पनेस हे पहिले कारण तपासा.

संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये हालचालीच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर 'डी' कळ दाबून त्या रेषा काढणारे 'डीइंटरलेस' चालू करा. 'ए' कळीने चौकटीचे प्रमाण बदलता येते.

दोन प्रतींची लांबी जुळत नाही म्हणून लगेच कापाकापीचा संशय घेऊ नका. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म पाल या ब्रिटनमधल्या टीव्ही पद्धतीत २५ ने चालवली की वेग सुमारे ४ टक्के वाढतो. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो आणि संगीताचा स्वरही किंचित चढतो. फरक याहून मोठा असेल तरच प्रसंग गाळले आहेत का ते शोधा.

पाचवा_विभाग

तबकड्या मागवणाऱ्यांसाठी. भारत डीव्हीडीच्या ५ व्या विभागात येतो, ब्रिटन २ ऱ्या, अमेरिका १ ल्या. ब्ल्यू-रेमध्ये भारत 'सी', ब्रिटन आणि युरोप 'बी', अमेरिका 'ए'. म्हणजे लंडनहून किंवा न्यू जर्सीहून कुणी प्रेमाने संच आणला तरी इथल्या साध्या प्लेअरवर तो अडू शकतो. आधी प्लेअर सर्व-विभागीय आहे का ते पाहा. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग साधारण पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायम. पर्वांचे क्रमांकही जुळवून घ्या : काही संच पर्वाऐवजी वर्षाने किंवा 'एमा पील', 'टारा किंग' अशा नावाने निघाले आहेत.

काळंपांढरं

रंगाबद्दल एक गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात. पाचवे आणि सहावे पर्व रंगीत बनले ते अमेरिकेच्या एबीसी वाहिनीसाठी. आयटीव्हीवर रंग आला नोव्हेंबर १९६९ मध्ये, तोवर मालिका संपली होती. म्हणजे ब्रिटिश प्रेक्षकाने पहिल्यांदा हे सगळे काळ्या-पांढऱ्यातच पाहिले. पाचव्या पर्वातला एखादा भाग टीव्हीचा रंग शून्यावर नेऊन पाहा. जिथे रंगावरच दृश्य उभे आहे तिथे ते सपाट होते. जिथे मांडणी आणि प्रकाशावर उभे आहे तिथे काही बिघडत नाही. दिग्दर्शक ओळखायला याहून चांगली युक्ती नाही.

उलट चौथ्या पर्वात जॉन बेट्सने एमा पीलचे कपडे काळ्या-पांढऱ्याच्या टोकाच्या विरोधावर बेतले. रंगात आल्यावर ॲलन ह्यूजने ताणल्या जाणाऱ्या कापडाचे अंगसरशी पोशाख केले, 'एमापीलर' नावाने ते बाजारातही आले. पाचव्या पर्वातले स्टीडचे सूट पिएर कार्दँचे. त्याआधीचा, मखमली कॉलरचा थाट मात्र खुद्द मॅक्नीने जुळवलेला.

बोलरहॅट

काळंपांढरं, ही माहिती मोलाची, मनापासून आभार. पुढच्या वेळी पाचव्या पर्वातला 'द जोकर' तुमच्या पद्धतीने पाहायला हवा.

लाथाबुक्की

मारामारीचे प्रसंग दोनदा पाहा. पहिल्यांदा तसेच, दुसऱ्यांदा फक्त कट मोजत. जवळच्या चौकटीत रिग, लांबच्या चौकटीत पाठमोरी बदली कलाकार. स्वच्छ केलेल्या प्रतीत विग आणि खांद्यांची ठेवण लगेच उघडी पडते, कारण त्या काळच्या छोट्या पडद्यावर हे दिसणार नाही असा हिशेब होता. रे ऑस्टिनने बसवलेल्या या झटापटींत नुसते ठोसे नाहीत, पूर्वेकडच्या युद्धकलांचे संथ, गोल हातवारे आहेत. पुढे बदली म्हणून सिड चाइल्ड आली आणि जोड बराच बेमालूम झाला.

स्टीडच्या हातात पिस्तूल क्वचित दिसते. मॅक्नी दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, तिथे पाहिलेल्यानंतर त्याला बंदूक नको होती. म्हणून छत्रीत तलवार आणि हॅटला पोलादी अस्तर.

कोरासवाल

जे खटकते तेही लिहायला हवे. मालिकेचा लेखक-निर्माता ब्रायन क्लेमन्सने या जगाचे नियम ठरवले होते : गणवेशातला पोलीस नाही, रस्त्यावर सामान्य माणसे नाहीत, रक्त नाही, बाईचा खून नाही. गावे रिकामी दिसतात ती पैसे कमी म्हणून नव्हे. खरे जग आत आले तर ही कल्पनेतली इंग्लंडनगरी कोसळेल, म्हणून. पण त्याच नियमांत कृष्णवर्णीय माणसेही नकोत असे होते आणि त्याने ते उघड सांगितले. साठच्या दशकातल्या खऱ्या ब्रिटनमधून हे वगळणे निरागस नव्हते.

म्हणूनच 'स्मॉल गेम फॉर बिग हंटर्स' (१९६६) आपण नीट पाहावा. साम्राज्य गेल्याचे दुःख न पचलेले निवृत्त अधिकारी हर्टफर्डशरमध्ये उष्ण कटिबंधाचे जंगल उभारून बसले आहेत, असा तो भाग. खिल्ली साहेबाच्या आठवणींचीच आहे, आणि पॉल डान्क्वा या कृष्णवर्णीय नटाचा रझाफी स्टीडच्या बरोबरीने उभा राहतो. तरी जमातीचे ढोल-मुखवटे वापरताना भाग स्वतःच त्या जुन्या चित्रांवर विसंबतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात.

भारताशी खरा धागा कलाकारांचा. डायना रिगचे बालपण बिकानेरला गेले, वडील तिथल्या रेल्वेत होते, ती हिंदी बोलायची. १९७६-७७ च्या 'द न्यू ॲव्हेंजर्स'मधली जोआना लम्ली श्रीनगरला जन्मली.

जुनीफीत

सहाव्या पर्वासाठी थोडा धीर धरा. क्लेमन्सला दूर करून निर्माता म्हणून जॉन ब्राइसला आणले आणि काही भागांतच क्लेमन्सला परत बोलावले. आधीच्या 'इन्व्हिटेशन टू अ किलिंग'ची काटछाट होऊन 'हॅव गन्स विल हॅगल' झाला, त्याचे सांधे दिसतात. टारा किंग झालेल्या लिंडा थॉर्सनचे केस ब्लीच करताना खराब झाले, म्हणून सुरुवातीच्या भागांत सोनेरी विग. भागाभागांत केस बदलतात ते यामुळे, तुमचा क्रम चुकलेला नसतो.

कॅथीपक्ष

नाताळच्या आसपास 'टू मेनी ख्रिसमस ट्रीज' लावणार असाल तर स्टीड शुभेच्छापत्रे चाळतो तिथे कान उघडे ठेवा. कॅथी गेलचे पत्र आले आहे, आणि ती फोर्ट नॉक्सला काय करते आहे असा प्रश्न स्टीडला पडतो. ब्लॅकमन 'गोल्डफिंगर' हा बाँडपट करायला गेली होती, आणि त्याची गोष्ट फोर्ट नॉक्स या अमेरिकेच्या सोन्याच्या कोठाराभोवती फिरते. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, असे शब्द मॅक्नी इतके हलके टाकतो की निसटून जातात.