लाकडाच्या गाड्यांचं डिझेल कमी कसं करायचं? (आलापल्ली ते बल्लारशाह)

लाकूडगाडी_गडचिरोली
नमस्कार मंडळी. दोन दहाचाकी गाड्या आहेत माझ्या, कूपातून (जंगलातल्या तोडीच्या जागेवरून) साग आणि निलगिरी उचलून बल्लारशाहला टाकतो, एका बाजूने शंभरेक किमी. भरल्या गाडीला लिटरमागे सव्वातीनचं ॲव्हरेज मिळतं, रिकामी येताना पाचपर्यंत जातं. डिझेलचा खर्च बोचतोच, पण जंगलाच्या कडेला लहानाचा मोठा झालो, इकडचे उन्हाळे कसे चाललेत ते बघतोय, म्हणून धूर खरंच कमी करायचाय. एक जण म्हणतो बीएस-६ गाडी घे, दुसरा म्हणतो इलेक्ट्रिकची वाट बघ. एवढं कर्ज काढायच्या आधी हातातलं काय आहे ते सांगा.

डिझेल_मिस्त्री
दादा, पहिले हिशोब बघा. जाऊन-येऊन ५० लिटर जळतं, एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका फेरीला १३५ किलो. बीएस-६ ने काजळी आणि विषारी वायू खूप कमी होतात, ते चांगलंच आहे, पण कार्बन हा जळलेल्या लिटरवर ठरतो, त्यामुळे फक्त गाडी बदलून या १३५ मध्ये फार फरक पडेल असं समजू नका.

कूपात लोडिंग चालू असताना तुमची गाडी स्टार्ट राहते का? हायड्रा क्रेन लठ्ठे उचलतेय, ड्रायव्हर बाजूला बसलाय आणि इंजिन चालूच, हे मी सगळीकडे बघतो, तासाला दोनेक लिटर असंच जातं. एअर फिल्टर बघा, जंगलातल्या धुळीत तो लवकर भरतो. टायरमधली हवा डांबरी रस्त्यावर लागण्याआधी तपासा. आणि फेऱ्या वाचवायला ओव्हरलोड करू नका, तीन ॲक्सलच्या गाडीला २०१८ पासून गाडीच्या वजनासकट २८.५ टनाची मुभा आहे, तेवढं पुरे.

कूपातला_माणूस
इंजिनचं वरती आलंच आहे, मी लाकडाचं बोलतो कारण माझ्या मते खरं डिझेल तिथे जातंय. ताजी तोडलेली निलगिरी म्हणजे वजनाने जवळपास अर्धं पाणी. दहा टन भरलं तर पाच टन पाणी तुम्ही शंभर किमी वाहून नेताय. तेच लाकूड साल काढून कूपातच थप्पी लावून उन्हाळ्यात सुकू दिलं आणि ओल ३० टक्क्यांवर आली तर दहा टनाचं सात टन होतं, चार खेपांचा माल तीन खेपांत जातो. ब्रह्मदेशात पूर्वी सागाच्या खोडाला भोवताली खाच मारून झाड उभंच दोन-तीन वर्षं वाळवायचे, मग तोडायचे, का तर ओला साग नदीत तरंगत नाही. वाहतुकीसाठी लाकूड आधी हलकं करायचं हे जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं.

अडचण एकच, कागदासाठीचं लाकूड जिथे टनावर मोजतात तिथे माल सुकवायला कोणीच तयार नसतं, तोडणाराही नाही न् विकणाराही नाही. दर सुक्या वजनावर ठरला पाहिजे, हे ठेकेदारांनी मिळून लावून धरायला हवं, मला याची फार चीड येते. सागाचं मात्र वेगळं, तो घनमीटरवर जातो, पण उघड्या उन्हात ठेवला तर टोकं तडकतात, सावलीतच ठेवा.

उमेओकर
मी स्वीडनमध्ये उमेओला असतो. इथे २०२२ मध्ये एससीए कंपनीने स्कॅनियाचा इलेक्ट्रिक लाकूडट्रक आणला, सार्वजनिक रस्त्यावर ६४ टन, खासगी रस्त्यावर ८० टनांपर्यंत. पण तो कुठे चालतो ते बघा, गिमोनेसच्या टर्मिनलवरून ओब्बोलाच्या कागद कारखान्यात, अंतर थोडं, रस्ता ठरलेला. कूपाच्या चिखलात तो नाही. शिवाय इथली वीज बहुतेक पाण्यावरची आणि अणुऊर्जेची, तुमच्या बाजूला २९२० मेगावॉटचं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र कोळशावर, त्यामुळे तिकडे इलेक्ट्रिकचा फायदा इथल्याएवढा होणार नाही. डेपो ते कारखाना अशी जवळची फेरी असेल तरच विचार करा.

लाकूडगाडी_गडचिरोली
खूप आभार सगळ्यांचे. लोडिंगच्या वेळी इंजिन बंद, हे उद्यापासूनच. सुकवायचं ठेकेदाराशी बोलतो. पण रिकाम्या परतीचं काय, ५० मधले २० लिटर तिथेच जातात ना?

डिझेल_मिस्त्री
हो, ते सगळ्यात मोठं भोक आहे. आष्टी, गोंडपिपरी, आलापल्लीच्या दुकानदारांना सिमेंट, लोखंड, खत लागतंच, बल्लारशाह-चंद्रपूरकडून परतीचा माल धरा. दर कमी मिळाला तरी घ्या, कारण त्या मालासाठी वेगळी गाडी निघणार होती ती वाचते. फक्त त्यासाठी डेपोवर गाडी लवकर खाली झाली पाहिजे, म्हणून डेपोतल्या माणसांशी वेळ आधीच ठरवून घ्या.