छातीठोक सांगितलं आणि तोंडघशी पडलो : तुमचे अनुभव

परवा मित्रांच्या प्रश्नमंजुषेत प्रश्न आला, आइनस्टाइनना नोबेल कशासाठी मिळालं? प्रश्न पुरा व्हायच्या आत मी ओरडलो, "सापेक्षतावाद!" गुण शून्य. १९२२ चं ते नोबेल मिळालं प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी. वाईट याचं वाटलं की गेली वीस वर्षं मी हेच उत्तर लोकांना ऐकवत आलोय आणि एकाही माणसाने अडवलं नाही.

नामवंत माणसं, सिनेमे, पुस्तकं, खेळ... अशी घोटून पाठ केलेली पण चुकीची निघालेली माहिती तुमच्याकडेही असणार. लिहा. नुसती माहिती नको, फजितीसकट हवी.

* * *

माझी फजिती माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने केली. शाळेत असताना केलेली चिकटवही तिला मोठ्या कौतुकाने दाखवत होते. पहिल्याच पानावर अंतराळवीराचा फोटो आणि खाली माझ्या वळणदार अक्षरात 'चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग'. ती म्हणाली, "आई, हा तो नाहीचे. हा बझ ऑल्ड्रिन."

शोधून पाहिलं तर खरंच. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगच्या हातात होता, त्यामुळे तिथल्या गाजलेल्या फोटोंत दिसतो तो ऑल्ड्रिनच. मी म्हटलं, अगं, पण पहिला माणूस आणि त्याचाच धड फोटो नाही? तर म्हणे, "आपल्या सहलीच्या फोटोंत तरी तू कुठे असतेस?"

हे वर्मी लागलं. पण त्या फोटोत ऑल्ड्रिनच्या हेल्मेटच्या काचेत एक बारीकशी आकृती दिसते, ती फोटो काढणाऱ्या आर्मस्ट्राँगची. म्हणजे माझी ओळ अगदीच खोटी नाही. लेकीने हा युक्तिवाद अजून मान्य केलेला नाही.

* * *

नाटकाचे चार प्रयोग मी 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणून चेहऱ्यावर टाके रंगवून गुरगुरलो. चौथ्या प्रयोगानंतर एका आजोबांनी विंगेत येऊन सांगितलं, फ्रँकेन्स्टाइन हे त्याला बनवणाऱ्याचं नाव. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत त्या बिचाऱ्या प्राण्याला नावच नाही. पाचव्या प्रयोगाला मी जरा जास्तच कळवळून गुरगुरलो.

* * *

मी प्रश्नमंजुषा घेतो, त्यामुळे माझी फजिती भर सभेत झाली. निर्णायक प्रश्न होता, 'गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी कोणता शास्त्रज्ञ जन्मला?' उत्तर न्यूटन, वर्ष १६४२. हा प्रश्न मी किमान दहा ठिकाणी विचारलाय. दोन संघ बरोबरीत होते. एकाने 'न्यूटन' लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, 'कुणीही असेल, न्यूटन नाही.'

मी हसलो. मग त्या संघातली एक शांत मुलगी उठली. गॅलिलिओ इटलीत ८ जानेवारी १६४२ ला वारला, ही तारीख नव्या ग्रेगोरियन कॅलेंडरची. न्यूटन २५ डिसेंबर १६४२ ला जन्मला, ही जुन्या ज्युलियनची, कारण इंग्लंडने नवं कॅलेंडर १७५२ साली घेतलं. दोघांमध्ये दहा दिवसांचा फरक. सगळं नव्यात मोजलं तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ चा. जुन्यात मोजलं तर गॅलिलिओ १६४१ च्या २९ डिसेंबरलाच गेलेला. दोन भिंतींवरची दोन कॅलेंडरं एकत्र केली तरच तो योग जुळतो!

मी कागदावर तीनदा मोजलं. मग दोन्ही संघांना गुण दिले आणि घरी येऊन वहीतला तो प्रश्न खोडला. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस 'एकाच दिवशी' वारले हाही माझा आवडता प्रश्न होता. तोही त्याच कारणाने गेला.

* * *

सासऱ्यांशी क्रिकेटवर वाद घालू नये हे मला कळतं. पण "ब्रॅडमनची सरासरी शंभर" हे दर आठवड्याला ऐकलं की राहवत नाही. कागद घेतला. ६९९६ धावा, ८० डाव, त्यात १० वेळा नाबाद, म्हणून भागायचं सत्तरने. ९९.९४. १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या डावात चार धावा निघाल्या असत्या तर शंभर झाली असती. एरिक हॉलीजने दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळा उडवला.

बाबा म्हणाले, "चार धावांसाठी एवढा हिशेब मांडतेस?" आता ते 'जवळजवळ शंभर' म्हणतात, माझ्याकडे बघत.

* * *

होम्सच्या कथांमध्ये 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे वाक्य सापडेलच, अशी मी पैज लावली. छप्पन्न कथा, चार कादंबऱ्या, हातात पेन्सिल. 'एलिमेंटरी' सापडलं, 'माय डिअर वॉटसन' सापडलं, दोन्ही एका वाक्यात जोडून कुठेही नाही. पैज हरलो, पण असं हरायला माझी कधीही तयारी आहे.

* * *

माझं उलटं झालं. खरी गोष्ट मी थाप समजले. आमच्या बाई सांगायच्या की मोनालिसा चोरीला गेल्यावर तिची रिकामी जागा बघायला लोक गर्दी करत. मी वर्गात फिदीफिदी हसले होते. सगळं खरं निघालं. ऑगस्ट १९११ मध्ये पूर्वी पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात काम केलेल्या विन्चेन्झो पेरुजाने ते चित्र नेलं, आणि ते सापडलं थेट १९१३ मध्ये, फ्लॉरेन्सला. संशयावरून पोलिसांनी खुद्द पिकासोचीही चौकशी केली. बाईंनी हे सांगितलं असतं तर मी अजूनच हसले असते.

* * *

हॉलिवूडची नटी हेडी लमारने वायफाय शोधलं, असं मी ऑफिसात मोठ्या थाटात सांगितलं. तांत्रिक विभागातला एकजण जागचा उठला. १९४२ चं पेटंट खरं, संगीतकार जॉर्ज अँथाइलच्या साथीने घेतलेलं. पाणतीराचा रेडिओसंदेश शत्रूला बिघडवता येऊ नये म्हणून फ्रिक्वेन्सी सतत बदलायची कल्पना, तीही आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रपट्टीवरून, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच ८८ फ्रिक्वेन्सी. पण "वायफाय तिने शोधलं" म्हणजे चाक शोधणाऱ्याला मोटारीचं श्रेय देणं, असं त्याचं म्हणणं. मला तर पियानोची गोष्ट वायफायपेक्षा भारी वाटली. आता तीच सांगते.

* * *

धागाकर्ते, एक विचारू? '१९२२ चं नोबेल' असं लिहिलंय तुम्ही. १९२१ साली भौतिकशास्त्राचं पारितोषिक समितीने राखून ठेवलं होतं. ते आइनस्टाइनना नोव्हेंबर १९२२ मध्ये जाहीर झालं, पण वर्ष १९२१ चंच. १९२२ चं गेलं नील्स बोरना.

* * *

घ्या! आता यालाही शून्य गुण.