मालिकेचा 'सीझन': ऋतू, हंगाम की पर्व?

एका मैत्रिणीने गप्पांच्या ओघात चार प्रश्न पाठवले. देवावर श्रद्धा आहे का, आवडता ऋतू कोणता, टीव्हीवर सध्या काय बघतेस आणि रोजच्या जगण्यातल्या कसल्या गोष्टीचं कुतूहल वाटतं. सहज द्यायची उत्तरं. पण लिहायला बसले तर जागोजागी शब्दांवरच अडले. म्हणून इथे विचारते.

एका मालिकेचा तिसरा सीझन बघतेय. मराठीत लिहिताना 'सीझन'च ठेवावं का? वाहिन्या 'नवं पर्व' म्हणतात आणि ते कानाला खटकत नाही. पण 'ऋतू' किंवा 'हंगाम' का चाललं नसतं?

आवडत्या ऋतूपुढे मी 'पावसाळा' लिहिलं. मग शंका आली. शाळेत पाठ केलेले ऋतू सहा: वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. त्यात पावसाळा नाही. पण 'मला हेमंत फार आवडतो' असं लिहिलं असतं, तर मैत्रिणीने आधी त्याचं आडनाव विचारलं असतं.

श्रद्धेबद्दल 'आस्था आहे' असं मोघम लिहून सुटका करून घेतली. 'आस्था' या अर्थाने मराठीत चालते का?

———

सीझनपासून सुरू करतो, कारण मजा तिथेच जास्त आहे.

इंग्रजी 'सीझन'चं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे अर्थ आहे पेरणी. म्हणजे तो शब्द आधी शेताचा, मग आभाळाचा. आपल्याकडे त्याच्या जवळ जातो तो 'हंगाम'. हा फारसीतून आला, अर्थ वेळ, काळ. पिकांचा हंगाम, लग्नांचा, क्रिकेटचा. जिथे माणसांची लगबग आहे तिथे हंगाम. ऋतू मात्र कुणी काही करो न करो, येतोच. त्यामुळे मालिकेला 'ऋतू' म्हणणं अगदीच विजोड होईल. 'हंगाम' अर्थाने चपखल बसला असता, पण मध्ये 'हंगामी' आडवा येतो. हंगामी कर्मचारी, हंगामी अध्यक्ष म्हणजे तात्पुरते, आज आहेत उद्या नाहीत. कोणता निर्माता आपल्या मालिकेला तशी सावली पडू देईल?

'मोसम'ही आहे. तो अरबी. इंग्रजीतला 'मान्सून' त्याच शब्दावरून, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला. आपण मोसमी वारे, मोसमी पाऊस म्हणतो आणि थांबतो. हिंदीत मौसम म्हणजे हवा, हवामान. 'आज मौसम छान आहे' हे मराठी नव्हे. 'हवा छान पडलीय' म्हणावं.

आता पर्व. संस्कृतात पर्व म्हणजे गाठ, सांधा. वेताला असते ती गाठ, बोटाला असतो तो सांधा. ज्याला गाठी, उंचवटे आहेत तो पर्वत. काळालाही सांधे असतात, म्हणून अमावास्या, पौर्णिमा ही पर्वं झाली आणि त्यावरून सणाचा दिवसही पर्व. पर्वकाळ, पर्वणी हे शब्द तिथलेच. आता 'रसिकांसाठी पर्वणी' म्हणताना तिथी कुणी बघत नाही, ती गोष्ट वेगळी. महाभारताची १८ पर्वं म्हणजे एका लांबलचक वेताची १८ पेरं. रामायणात कांडं आहेत. कांड म्हणजे दोन गाठींमधला भाग, तेही झाडपाल्यातलंच. भागवताचे स्कंध, वेदांच्या शाखा. जुन्या लोकांनी ग्रंथ लिहिले की लावले, असा प्रश्न पडावा.

म्हणून सीझनला पर्व हा प्रतिशब्द मला नुसता चालणारा नाही, सीझनपेक्षा सरस वाटतो. कथा एका गाठीपर्यंत आली, तिथे थांबली, पुढे नवं पेर फुटणार. 'कांड'ही अर्थाने बसलं असतं, पण हत्याकांडं आणि बातम्यांतली बाकीची कांडं इतकी झाली आहेत की 'मालिकेचं तिसरं कांड' म्हटलं तर लोक पोलीस कधी येतात याची वाट बघतील.

पावसाळ्याबद्दल खंत नको. उन्हाळा म्हणजे उष्णकाल, हिवाळा म्हणजे हिमकाल, पावसाळ्यातला पाऊस संस्कृत 'प्रावृष्'पासून. सहा ऋतू पंचांगाचे आणि कवितेचे, हे तीन अंगाला जाणवणारे. आवडता ऋतू विचारला तर जो अंगाला आवडतो तोच सांगायचा. शिवाय पावसाने आपण वयही मोजतो: 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.' वर्षा आणि वर्ष यांचं नातं त्यात आयतंच येतं.

मला स्वतःला विचाराल तर ऋतू नाही, ऋतुसंधी आवडते. एक ऋतू उतरत असतो आणि दुसरा नीट बसलेला नसतो, ते दिवस. वैद्य म्हणतात तेव्हाच जपावं. म्हणोत.

———

वरच्या प्रतिसादात श्रद्धा राहिली, म्हणून मी लिहिते.

'आस्था आहे' हे उत्तर मराठीत चालतं, पण त्याचा अर्थ तुम्हाला हवा तो होत नाही. मराठीत आस्था म्हणजे काळजी, आपुलकी. 'आस्थेने विचारपूस केली' म्हणतो ती. देवाविषयी आस्था आहे म्हटलं की देवाची तब्येत कशी आहे असं विचारल्यासारखं वाटतं. श्रद्धा या अर्थाने आस्था हिंदीत आहे, आणि तिथून ती बातम्यांच्या भाषेत शिरली आहे. 'आस्थेचा प्रश्न' वाचलं की मी मनातल्या मनात 'श्रद्धेचा' करून घेते.

श्रद्धा हा फार जुना शब्द. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिच्यावर स्वतंत्र सूक्त आहे. 'श्रत्' अधिक 'धा', त्यातलं 'धा' म्हणजे ठेवणे. लॅटिनमधला 'क्रेडो' तिचा सख्खा नातलग. इंग्रजी 'क्रेडिट' त्या घरातलं. म्हणजे श्रद्धा आणि उधारी चुलतबहिणी निघाल्या! विश्वासाची गोष्ट निराळी. त्यात श्वास आहे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. आश्वासन आणि निःश्वासही त्याच धातूचे, आणि पुष्कळदा एकापाठोपाठ येतात.

माझं विचाराल तर श्रद्धेचं नक्की सांगता येत नाही, पण भाव आहे. आपल्याकडे 'देव भावाचा भुकेला' म्हणतात. आणि हाच भाव बाजारात चढतो, उतरतो. लोक तो खातातही. कुणी सांगेल की दोन शब्द वेगळे असतील. नाहीत, दोन्ही 'भू'चे, असणे-होणे या अर्थाचे. मनात जे असतं तो भाव, वस्तूची किंमत जी ठरते तोही भाव.

तुमच्या चौथ्या प्रश्नातल्या कुतूहलाबद्दल एकच. संस्कृतात 'कौतुक' म्हणजेही कुतूहल, नवल. मराठीत ते शाबासकीच्या अंगाने गेलं. आणि जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, तशी शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. रोग्याची सेवा हा अर्थ नंतरचा. मला तो क्रम आवडतो.

———

दोघांचेही आभार. पर्व पक्कं केलं, आस्था खोडली.

कुतूहलाच्या रकान्यात जे लिहिलं तेही विचारून घेते. घरात रोज दोन हुकूम सुटतात: 'दार लाव' आणि 'टीव्ही लाव'. पहिल्यात काहीतरी बंद करायचं, दुसऱ्यात चालू. एकाच क्रियापदाचे असे उलटे अर्थ कसे? आणि 'दार लावून टीव्ही लाव' म्हटलं तरी लहान मूलही गोंधळत नाही.

———

अर्थ उलटे नाहीत. 'लावणे' हे 'लागणे'चं प्रयोजक, म्हणजे लागेल असं करणे, आणि लागणे म्हणजे चिकटणे, भिडणे. लग्न हा शब्द त्याच गोत्रातला. दार लावतो म्हणजे चौकटीला भिडवतो. दिवा लावतो म्हणजे वातीला ज्योत भिडवतो. पुढे दिव्याचं क्रियापद विजेच्या दिव्याला मिळालं, रेडिओला मिळालं, मग टीव्हीला. टीव्हीत भिडवण्यासारखं काही उरलं नाही, क्रियापद तेवढं राहिलं.

विझवण्याचं मात्र तसं झालं नाही. दिवा मालवतो, विझवतो. टीव्ही कुणी मालवत नाही, तो बंद करतात. चालू करताना जुना शब्द घेतला आणि बंद करताना नवा, असं का झालं असेल, यावर कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.