पत्रकं वाटून झाली, पुढे काय? एकट्या पाळकाचा आठवडा आणि सुवार्तेचं काम

दिवटी:
सलाम. मंडळी (चर्च) साधारण ८० जणांची, पाळक (पास्टर) एकच. रविवारचा उपदेश, बुधवारची प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, मयती यांतच आठवडा सरतो. सुवार्तेसाठी, म्हणजे बाहेरच्यांना येशूबद्दल सांगण्यासाठी, महिन्यातला एक शनिवार. दहा-बारा जण पत्रकं वाटतात, प्रार्थना करून घरी जातात. एखादा उपासनेला आलाच तर दुसऱ्या रविवारी दिसत नाही. वेळ कुठून काढायचा आणि पत्रक घेणाऱ्याचं पुढे काय करायचं? ‘प्रार्थना वाढवा’ हे मान्यच आहे. सोमवारी सकाळी उठून काय करायचं ते सांगा.

मोहरीचा दाणा:
आधी वेळेचं. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या अध्याय १८ मध्ये मोशे दिवसभर एकटा निवाडे करत बसतो, तेव्हा सासरा त्याला दहा-दहांवरही माणसं नेमायला सांगतो. तुमच्याकडे आठ गटप्रमुख पुरतील. काम एवढंच: रविवारी कोण आलं नाही ते पाहायचं, मंगळवारपर्यंत फोन करायचा, आणि जिथे पाळकच हवा (मृत्यू, इस्पितळ, मोडायला आलेला संसार) तेवढंच वर कळवायचं.

हे फसतं ते पाळकामुळेच. लोक सवयीने त्यालाच फोन करतात आणि तो धावतो. महिन्याभरात गटप्रमुख नावापुरते उरतात. पहिले तीन महिने तातडीचं नसेल तर ‘गटप्रमुखांशी बोललात का?’ एवढंच विचारायचं. थोडी कुरकुर होईल, होऊ द्या.

उपदेशाचे तास लिहिण्यात कमी आणि ‘या रविवारी कशावर बोलू’ यात जास्त जातात. बायबलमधलं एकच पुस्तक क्रमाने घेतलं की तो प्रश्न संपतो. इस्पितळातली भेट १०-१५ मिनिटांची ठेवा: खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीला बसा (पलंगावर नको), स्तोत्र १२१ वाचा, आठच ओव्या आहेत, आणि छोटी प्रार्थना करून उठा. तासभर बसलेला पाळक रुग्णाला दमवतो.

फाटकं जाळं:
शनिवारचा कार्यक्रम बंद नका करू, पण पत्रकांचा गठ्ठा निम्मा करा. किती वाटली हे मोजायला लागलं की माणसं समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातात कागद कोंबतात.

प्रेषितांची कृत्ये (प्रे. कृत्ये) अध्याय ८ बघा. इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून वाचत चाललाय. फिलिप्प रथाजवळ धावत जातो, तो माणूस काय वाचतोय ते आधी ऐकतो, आणि पहिलं वाक्य बोलतो तोच प्रश्न: वाचताय ते समजतं का? मग यशयाच्या त्याच उताऱ्यापासून सुरुवात. आणि हा फिलिप्प मुळात कोण? अध्याय ६ मध्ये पंगतीच्या व्यवस्थेसाठी निवडलेल्या सातांपैकी एक. पुढे २१:८ मध्ये त्यालाच ‘सुवार्तिक’ म्हटलंय. तेव्हा हे काम पाळकाच्याच गळ्यात का?

दोघा-दोघांच्या जोड्या करा (लूक १०:१). परत आल्यावर वहीत तीन रकाने: नाव, बोलणं कशावर झालं ते एका ओळीत, आणि ‘पुन्हा येऊ का?’ याचं उत्तर. उत्तर ‘नको’ असेल तर पुन्हा जायचं नाही. ‘या’ असेल तर तीन दिवसांच्या आत तीच जोडी जाते. पाळक गेला की माणूस अवघडतो, आणि ओळख झालेली असते जोडीशी.

मग मार्कचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूच्या जीवनावरचं पुस्तक) सोबत वाचा. १६ अध्याय, दर बैठकीला दोन, म्हणजे आठ आठवडे. प्रश्न तेच: येशू इथे काय करतो? लोकांना काय वाटलं? तुम्हाला काय पटलं नाही? तिसरा प्रश्न गाळू नका, खरं बोलणं तिथेच निघतं. बैठक पाऊण तासात उठवा.

खमीर:
वरच्याला जोड. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण बरं होण्याची तारीख देऊ नका आणि गोळ्या बंद करायला चुकूनही सांगू नका. मदतीचं धान्य आणि बायबलवाचन एकाच दिवशी, एकाच हाताने देऊ नका. देणाऱ्याच्या मनात नसलं तरी घेणाऱ्याला तो सौदा वाटतो. लहान मुलांशी आईवडिलांच्या संमतीशिवाय काहीच नाही.

बाप्तिस्म्याची घाई नको. रथातल्या माणसाचा लगेच झाला हे खरं, पण तो आधीच यरुशलेमेला उपासनेला जाऊन आलेला आणि शास्त्र वाचणारा होता.

दिवटी:
आभार. वहीचं लगेच सुरू करतो. एक अडचण: ‘आम्हाला बोलता येत नाही’ म्हणून निम्मे लोक मागे सरतात.

फाटकं जाळं:
त्यांना तीन मिनिटांची साक्ष लिहायला लावा. साचा प्रे. कृत्ये २६ मधला, पौलाने अग्रिप्पा राजापुढे मांडलेला: आधी कसा होतो, काय घडलं, नंतर काय बदललं. लिहून झालं की मंडळीतल्या भाषेचे शब्द खोडा. ‘प्रभूने अंधारातून प्रकाशात आणलं’ यातून बाहेरच्याला काही कळत नाही. ‘भावाशी सहा वर्षं अबोला होता, मीच त्याच्या दारात गेलो’ हे कळतं. बुधवारच्या सभेत एका वेळी दोघांनी मोठ्याने वाचायचं, घड्याळ लावून. चौथ्या मिनिटाला थांबवा, कितीही रंगात आले असले तरी.