मदत हवी आहे: .३५७ सिगच्या काडतुसात गोळी आत सरकते

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये असतो आणि नेमबाजीच्या रेंजवर लागणारी काडतुसं घरीच भरतो. चार वर्षं नाईन एमएम भरली, कधी अडलं नाही. आता .३५७ सिग (बाटलीसारख्या मानेचं पिस्तुलाचं काडतूस) घेतलं आणि पहिल्याच खेपेला गाडी अडली.

भरलेलं काडतूस नाकावर धरून बाकावर अंगठ्याने दाबलं की गोळी आत जाते. कॅलिपर लावून लांबी मोजली तर १.१४० इंचाचं १.१२८ झालेलं! दहापैकी तीन अशी निघाली. गोळी आत गेली की आतली जागा कमी होते आणि दाब भलताच वाढतो, म्हणून सगळी बाजूला ठेवलीत. एकही झाडलेलं नाही.

मूळ अडचण कळते. पुंगळीची (गोळी जिच्या तोंडात बसते ती धातूची नळी) मान फारच आखूड, गोळीला धरायला जागाच कुठे आहे? आधी .४० एस अँड डब्ल्यू या दुसऱ्या पिस्तुली काडतुसाच्या कार्बाइड डायमधून (पुंगळी आवळून मापात आणणारा कठीण साचा) अंग आवळतो, मग ल्यूब (वंगण) लावून .३५७ सिगच्या डायमधून मान आणि खांदा. केस गेजमध्ये (पुंगळीचं माप तपासायचा ठोकळा) पुंगळी नीट बसते.

माझा संशय एक्सपांडरवर, म्हणजे मान आतून रुंद करणाऱ्या दांड्यावर आहे. डाय मान आवळते, तो परत सैल करतो. क्रिंप (गोळीभोवती पुंगळीचं तोंड आवळणं) वाढवून पाहिला, तर पकड उलट आणखी ढिली झाली. गोळी गोल नाकाची आहे, .३५५ इंची.

ज्यांनी हे काडतूस भरलंय त्यांनी कृपया सांगा: एक्सपांडर बारीक करून घेऊ का? की चपट्या नाकाची गोळी घेतली तर मानेत जास्त पकड मिळेल?