एक नाव, माणसं दोन (कधी चार): तुमचे अनुभव लिहा

मंडळी,

गेल्या पंधरवड्यात भाच्याच्या प्रोजेक्टला मदत करायला बसलो, आणि हा धागा काढायचं मनात आलं. विषय होता 'गोव्याचे विद्वान'. त्याने डी. डी. कोसंबी निवडले होते. चार पानं टाईप करून माझ्याकडे वाचायला आणली. पहिल्या पानावर जन्म १८७६, सांखवाळ, पाली आणि बौद्ध धर्माचे पंडित, हार्वर्डला काम, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये अध्यापन. दुसऱ्या पानावर हेच गृहस्थ मोठे गणिती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिसऱ्या पानावर जून १९४७, सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. आणि चौथ्या पानावर १९५६ साली भारतीय इतिहासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक प्रसिद्ध झालं.

मी विचारलं, "अरे, गेल्यावर नऊ वर्षांनी पुस्तक?"

"मरणोत्तर आसतलें, मामा."

मला यात त्याची चूक फारशी वाटत नाही. कारण बघा, वडील धर्मानंद दामोदर, मुलगा दामोदर धर्मानंद. इंग्रजी आद्याक्षरं दोघांचीही डी. डी. वडील फर्ग्युसनमध्ये पाली शिकवायचे, मुलगा पुढे त्याच कॉलेजात गणित शिकवायचा. वडील 'विशुद्धिमार्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, मुलगा १९२९ साली हार्वर्डचाच पदवीधर झाला. कॉलेज तेच, समुद्रापलीकडचं विद्यापीठही तेच. मग पोराने दोघांना एकाच अंगरख्यात बसवलं तर नवल काय!

पण मला वाईट वाटलं ते वेगळ्या कारणाने. त्याच्या चार पानांत धर्मानंदांचं घर सोडून निघणंच नव्हतं. तरुण बायको, लहान मुलगी मागे ठेवून, बुद्ध समजून घ्यायचा एवढ्या एका ध्यासापायी हा माणूस पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा वणवण हिंडला. अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. मुलगा इतका मोठा झाला की त्या प्रकाशात बापाच्या वाटेवरची धूळ दिसेनाशी झाली.

मूळ आहे आपल्या रीतीत. आज्याचं नाव नातवाला. धर्मानंदांचे वडील दामोदर, म्हणून मुलगा दामोदर. घराघरात हे चालत आलंय, आणि त्यातूनच नावांचे हे जिने तयार होतात.

तर तुमचे अनुभव लिहा. इतिहासातल्या, साहित्यातल्या, गावातल्या एकाच नावाच्या माणसांची तुमची कुठे गल्लत झाली, ती कशी सुटली, आणि त्यात तुम्हाला कोण नव्याने भेटलं.

मडगावहून

धागा वाचला आणि लिहायला बसलोच, कारण मी स्वतः दामोदर. आमच्या वर्गात चार दामोदर होते. मास्तर हजेरी घेताना नुसतं नाव घ्यायचेच नाहीत, वाड्याचं नाव घ्यायचे. घरी मी दामू, मावशीकडे दाम, आणि आजी रागावली की पूर्ण 'दामोदरा'.

बाहेरच्यांना वाटतं आमच्याकडे नावांचा दुष्काळ आहे. तसं नाही. जांबावलीचा देव दामोदर हा मूळ मडगावचा. पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा देव नदीपलीकडे न्यावे लागले, आणि लोकांनी त्यांची नावं मुलांच्या अंगावर ठेवून गावातच राखली. आजही मडगावात मंगलकार्य असो की दुकानाचा मुहूर्त, आधी 'दामबाबा'चं नाव घेतात. देवालासुद्धा 'बाब' म्हणणारं हे शहर.

दामोदर मावजो यांना ज्ञानपीठ मिळालं ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा माझी आजी चहा गाळत होती. गाळणं तसंच कपावर धरून म्हणाली, "दामबाबान राखलें." मला तिला सांगायचं होतं की त्यांनी पन्नास वर्षं कथा लिहिल्या म्हणून मिळालं. नाही सांगितलं. त्या नावाचे आम्ही सगळेच तिच्या लेखी एकाच देवाचे.

पणजीहून, गाईडचं काम करणारा

माझी चूक मी इथे पहिल्यांदाच लिहितोय.

आझाद मैदानावर त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य यांचं स्मारक आहे. टी. बी. कुन्य म्हणून आपण ओळखतो ते. चांदरचे. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी काढली. १९४६ साली पकडून लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतात त्यांना.

मी नवा होतो तेव्हा एका पाहुण्याने विचारलं, दक्षिण अटलांटिकमध्ये याच नावाचं बेट आहे, त्याचा यांच्याशी काही संबंध? जगातलं सगळ्यात एकाकी वस्तीचं बेट म्हणून त्याला ते ठाऊक होतं. मी अभिमानाने सांगून मोकळा झालो, हो, यांच्याच नावावरून.

रात्री झोप येईना म्हणून शोधलं. ते बेट ज्याच्या नावाचं, तो त्रिस्तांव द कुन्य १५०६ साली आरमार घेऊन निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी. त्याच ताफ्यात आफोंस द आल्बुकेर्क होता, ज्याने चार वर्षांनी गोवा घेतलं. खरं तर पहिला व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात यायची पाळी आधी या कुन्यचीच होती, पण ऐन वेळी त्याची दृष्टी गेली म्हणून फ्रान्सिस्कु द आल्मैदाला धाडलं. पुढे दृष्टी परत आली. १५१४ साली पोर्तुगालच्या राजाने रोमला पोपकडे हत्ती भेट पाठवला, त्या वकिलातीचा मुख्य हाच. आणि त्याचा मुलगा नुनू द कुन्य गव्हर्नर होऊन आला, त्याच्याच काळात, १५३० साली, पोर्तुगिजांची राजधानी कोचीहून गोव्याला आली.

म्हणजे बघा. एका त्रिस्तांवच्या मुलाने इथे सत्तेची बैठक मांडली आणि चारशे वर्षांनी दुसऱ्या त्रिस्तांवने ती उठवण्यासाठी तुरुंग भोगला. मी नकळत त्यांच्याच विरोधकांच्या पूर्वजाचं श्रेय त्यांना जोडून दिलं होतं.

तो पाहुणा पुन्हा भेटला नाही. तेव्हापासून मैदानावर आलेल्या प्रत्येक गटाला मी दोन्ही कुन्य सांगतो, कुणी विचारो न विचारो. दहा मिनिटं जास्त जातात. जाऊ देत.

फोंड्याहून

आमच्या घरी 'दीपावली'चे जुने अंक ट्रंकेत जपून ठेवलेले. मुखपृष्ठावरच्या त्या मोठ्या डोळ्यांच्या बायका बघत मी वाढले. खाली सही असायची दीनानाथ दलाल. आणि आजोबा ज्यांची नाट्यगीतं गुणगुणायचे ते मंगेशीचे मास्टर दीनानाथ. मला दहाव्या वर्षापर्यंत वाटत होतं की हाच माणूस गातो आणि चित्रंही काढतो. मंगेशकर १९४२ साली गेले, दलाल १९७१ साली. दोघंही आपल्याच मातीतले, एक मंगेशीचे, एक मडगावचे. अजूनही कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या पाटीखालून आत जाताना मला ते डोळेच आठवतात.

डिचोलीहून, भजनी

नामा कोण, हा आम्हा भजन करणाऱ्यांचा जुना प्रश्न आहे.

श्रावणात सप्त्याला आमची पाळी होती. मी एक अभंग घेतला, शेवटी 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा. निरूपण करताना सांगून गेलो, नामदेवराय असं म्हणतात. सप्ता उतरल्यावर पेटीवाले काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा, तो नामा वेगळो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे वाचून पडताळलं. संत नामदेव १२७० ते १३५०, ज्ञानदेवांचे सोबती, ज्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. विष्णुदास नामा हा सोळाव्या शतकातला, एकनाथांच्या काळातला, ज्याने महाभारत ओवीत आणलं. मधे अडीचशे वर्षं. पण गाथेच्या हस्तलिखितांत दोघांचे अभंग असे मिसळले की अभ्यासकांना भाषा, व्याकरण, शब्द तपासत एकेक अभंग वेगळा काढावा लागला. त्यातही गंमत अशी की संत नामदेव स्वतःलाही विष्णुदास म्हणवतात, त्यामुळे नुसत्या मुद्रेवरून निकाल लागत नाही.

मी काकांना विचारलं, मग गायचं तरी कसं? म्हणाले, गाताना दोघांचा विठ्ठल एकच आहे, पण सांगायला बसलास की माणूस नीट सांग. ज्याने लिहिलं त्याला त्याचं मिळायला हवं. काका आता नाहीत. त्यांची पेटी माझ्याकडे आहे, काळी चारची तिची पट्टी अजून चिकटते.

गणित शिकवते, म्हापसा

भास्कराचार्य दोन, हे मुलांना पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून देते. पहिला सातव्या शतकातला, आर्यभटावर भाष्य लिहिणारा. दुसरा १११४ साली जन्मलेला, 'लीलावती'वाला. पहिल्याने ज्या-कोटिज्येसाठी (म्हणजे साइन-कोसाइनसाठी) दिलेलं सोपं सूत्र इतकं सुंदर आहे की ते दुसऱ्याच्या नावावर खपलेलं बघून मला दर वर्षी राग येतो. आर्यभटही दोन आहेत, पण त्यांचं राहू दे.

पणजीहून, निवृत्त ग्रंथपाल

धागाकर्त्या भाऊंना एक सांगते. ही गुंतागुंत सोडवायची आमच्याकडे साधी युक्ती असते: नावापुढे साल. कार्डांच्या लाकडी खणात मी माझ्या हाताने लिहिलेली दोन कार्डं होती. 'कोसंबी, धर्मानंद दामोदर, १८७६–१९४७' आणि त्याच्या मागे 'कोसंबी, दामोदर धर्मानंद, १९०७–१९६६'. पुढे संगणक आला, नोंदी उतरवताना कुणीतरी सालं गाळली आणि दोघांची पुस्तकं एका नावाखाली गेली. एका मुलीने बुद्धचरित्र मागितलं, तिला इतिहासाचं इंग्रजी पुस्तक हातात पडलं. सालं परत भरायला मला आणि माझ्या सहकारिणीला पावसाळाभर लागला, पण भरली.

दुसरा अनुभव फादर थॉमस स्टीफन्सचा. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेला जेझुइट, ज्याचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. एका अभ्यासकाने बाहेरून त्यांच्याविषयीचा लेख मागवला, दोन महिने वाट पाहिली, आणि पाकीट उघडलं तर आत वेल्श साहित्याचा इतिहास! तो थॉमस स्टीफन्स एकोणिसाव्या शतकातला, वेल्समधला. बिचारे पाकीट हातात धरून कितीतरी वेळ माझ्या टेबलासमोर उभे होते.

भाच्याला सांगा, प्रोजेक्टमध्ये प्रत्येक नावापुढे कंसात साल लिही.

सांग्याहून

आमच्याकडे हे कागदावर आलं. माझ्या आजोबांच्या नावाचे वाड्यावर तिघे. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर आमच्या बागायतीपुढे भलत्याच शाखेची नावं चढली. तिघांच्या बापांची नावं वेगळी होती, ती कुणी पाहिली नाहीत. सहा वर्षं खेपा घातल्या. आता दुरुस्त झालंय. त्या ग्रंथपाल बाईंसारखं साल लिहिणारं कुणी तिथे असतं तर!

पेडण्याहून

सगळ्यांनी एक नाव, अनेक माणसं असं लिहिलंय. माझा अनुभव थोडा उलटा आहे, पण इथेच लिहिते.

शाळेत मला आनंदीबाई आणि रमाबाई यांनी फार छळलं. आनंदीबाई पेशवे, 'ध'चा 'मा'वाल्या. आनंदीबाई जोशी, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या. आनंदीबाई कर्वे, महर्षींच्या पत्नी. रमाबाई पेशवे, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, रमाबाई आंबेडकर. परीक्षेत मी पेशव्यांच्या रमाबाईंना सेवासदन काढायला लावलं होतं.

मोठेपणी पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा वेगळंच दिसलं. डॉक्टर आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडे, त्यांचंही माहेरचं नाव यमुना. कर्व्यांच्या आनंदीबाई मुळात गोदू. म्हणजे ज्या नावांचा मला गोंधळ होत होता ती त्यांची स्वतःची नव्हतीच. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नाव कोरलं, आणि दोन यमुनांपैकी एक आनंदी झाली, एक रमा. त्या काळी घरांना आवडणारी नावं मोजकीच, म्हणून इतिहासात इतक्या आनंद्या आणि इतक्या रमा.

माझी आजी लक्ष्मी. आम्हाला तेवढंच ठाऊक. ती गेली तेव्हा वर्तमानपत्रात निधनवार्ता दिली: लक्ष्मीबाई, वय ८७, सासरचं आडनाव. दोन महिन्यांनी एक म्हातारी बाई नातवाच्या स्कूटरवरून उतरली, हातात केळीच्या पानात बांधलेली अबोलीची फुलं. दारात उभी राहून म्हणाली, "शेवंती आसा मगो?"

आम्ही म्हटलं, इथे शेवंती कुणी नाही, चुकीच्या घरी आलात. तिने पडवीतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आजीचा हार घातलेला फोटो होता. तिने त्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचलं होतं, निधनवार्ताही वाचली होती. लक्ष्मीबाई कोणी तरी गेल्या, एवढंच तिला वाटलं होतं.